परक्या भाषेत रंगमंचावर: ब्रेख्त मूळ जर्मनमधून करताना

सोनचाफा

आमच्या एम. ए. जर्मनच्या वर्गाने यंदा बर्टोल्ट ब्रेख्तचं 'डी आउसनामे उंड डी रेगल' म्हणजे 'अपवाद आणि नियम' हे नाटक मूळ जर्मनमधून केलं. मी व्यापाऱ्याची भूमिका केली. वर्गात मुलीच जास्त, त्यामुळे व्यापारी, वाटाड्या, न्यायाधीश सगळ्या मुलीच होत्या. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगते: भाषा शिकणाऱ्यांनी निदान एकदा तरी त्या भाषेतलं नाटक, भाषांतर न करता, उभं करावं. आणि त्यासाठी ब्रेख्तची ही छोटी नाटकं फार योग्य आहेत.

ज्यांना नाटक माहीत नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात. कार्ल लांगमान नावाचा व्यापारी तेल काढण्याचा मक्ता मिळवायला ऊर्गा शहराकडे निघालाय. प्रतिस्पर्ध्यांच्या आधी पोहोचायचं म्हणून वाळवंटातून पळापळ चाललेली. सोबत एक वाटाड्या आणि एक हमाल. वाटाड्या आणि हमाल एकमेकांशी बरे वागतात याचीच व्यापाऱ्याला भीती वाटते, म्हणून तो वाटाड्याला मधल्या ठाण्यावर काढून टाकतो. वाटाड्या जाताना हमालाला पाण्याची एक जादा बाटली गुपचूप देतो. पुढे नदी लागते, तिथे व्यापारी पिस्तूल रोखून हमालाला पाण्यात उतरवतो आणि त्यात हमालाचा हात मोडतो. मग रस्ता चुकतो, पाणी संपत येतं. व्यापारी स्वतःची बाटली लपवून पितो. हमाल मात्र विचार करतो की हा तहानेने मेला आणि माझ्याजवळ बाटली सापडली, तर मलाच धरतील. म्हणून तो बाटली घेऊन जवळ येतो. व्यापाऱ्याला ती हातातला दगड वाटते आणि तो गोळी घालतो. शेवटी कोर्ट. हमालाची विधवा दाद मागते. वाटाड्या बाटली पुढे ठेवतो, सगळं सिद्ध होतं, आणि तरीही व्यापारी सुटतो. न्यायालयाचं म्हणणं असं की ज्याला इतकं छळलं तो माणूस आपल्याला मारायलाच येणार असं व्यापाऱ्याने धरून चालणं रास्त होतं. चांगुलपणा हा अपवाद, आणि माणसाने नियमाप्रमाणे चालावं.

ब्रेख्तने हे १९२९-३० च्या सुमारास लिहिलं. तेव्हा तो 'लेअरश्ट्युक' म्हणजे शिकण्यासाठीची नाटकं लिहीत होता. त्यामागची कल्पना अशी की नाटकातून आधी शिकावं ते करणाऱ्यांनी, बघणारे नंतर. भूमिका अदलाबदल करून बघाव्यात, व्यापारी करणाऱ्याने हमाल करून बघावा. आम्ही तालमीत हे केलं. आठवडाभर व्यापाऱ्याचे संवाद पाठ केल्यावर मी नदीच्या प्रवेशात हमाल झाले, आणि जे शब्द मी एरवी बोलत होते तेच पिस्तुलासह माझ्या अंगावर आले. जर्मन वाक्याची आज्ञार्थी ठेवण किती तुटक असते हे मला पुस्तकातल्या धड्यांवरून कधीच कळलं नव्हतं.

आता भाषेचं. परक्या भाषेतल्या नाटकात सगळ्यांचं लक्ष पाठांतराकडे जातं. खरं काम ऐकण्याचं असतं. शिकाऊ नट समोरच्याच्या वाक्यातला शेवटचा शब्द 'क्यू' म्हणून धरून ठेवतो आणि त्याची वाट बघत उभा राहतो. मग सगळे चेहरे मख्ख, आणि शब्द आला की एकदम जाग. मराठीत आपण असं कधीच करत नाही, कारण वाक्य अर्ध्यात असतानाच आपल्याला समोरच्याचा रोख कळलेला असतो. जर्मनमध्ये तो रोख कळावा म्हणून आम्ही तालमीचा एक भाग असा ठेवला की समोरचीने तिचं वाक्य कुठेही तोडायचं आणि तिथपर्यंत काय कळलं ते आपण अंगाने दाखवायचं. यातून सगळ्यात जास्त फरक पडला. कोर्टाच्या प्रवेशात न्यायाधीश बोलत असताना विधवा झालेली मुलगी वाक्याच्या मधोमध खाली बसली. कुणी सांगितलं नव्हतं. तिला निकाल कळला होता.

दुसरी गोष्ट श्वासाची. मराठी वाक्य बहुतेक वेळा 'आहे', 'होतं', 'लागलं' असल्या हलक्या क्रियापदावर संपतं आणि तिथे आपला आवाज आपोआप पडतो. जर्मनमध्ये वाक्याच्या टोकाला भूतकाळी धातुसाधित किंवा तोडून मागे गेलेला उपसर्ग येतो, आणि पुष्कळदा सगळा अर्थ त्याच्यातच असतो. मराठी सवयीने आवाज पाडला की मागच्या रांगेतल्या जर्मन येणाऱ्या माणसालाही वाक्य कळत नाही. शेवटपर्यंत पोटात हवा ठेवून बोलायची सवय लावून घ्यावी लागते.

सुरुवातीचं निवेदन सगळ्यांनी मिळून म्हणायचं असतं: या लोकांचं वागणं नीट बघा, जे नेहमीचं वाटतं त्याचं नवल वाटू द्या. ज्यांची जीभ अजून कचरते त्यांच्यासाठी समूहाने बोलण्यासारखा आधार नाही. दहा जणींच्या आवाजात एकीचा उच्चार सावरला जातो आणि हळूहळू सुधारतोही.

तुमच्यापैकी कुणी फ्रेंच, रशियन, जपानी, कुठल्याही भाषेतलं नाटक विद्यार्थी म्हणून केलंय का? जरूर लिहा.

पडद्यामागचा

छान लिहिलंय. पण मला मुळातच प्रश्न आहे. ब्रेख्त मराठीत आलेला आहे आणि दणक्यात आलेला आहे. पु. लं.चा 'तीन पैशाचा तमाशा' थिएटर अकॅडमीने १९७८ साली केला, व्यंकटेश माडगूळकरांचं 'देवाजीने करुणा केली' आहे, चिं. त्र्यं. खानोलकरांचं 'अजब न्याय वर्तुळाचा' विजया मेहतांनी केलं. या माणसांनी ब्रेख्त आपल्या मातीत रुजवला. ब्रेख्तला प्रेक्षकाने विचार करायला हवा होता. ज्याला भाषाच कळत नाही तो प्रेक्षक काय विचार करणार? तुमच्या प्रयोगाला आईवडील, मित्रमैत्रिणी आल्या असतील. त्यांच्यासाठी हे कोर्टाचं नाटक म्हणजे नुसते आवाज. मी तर म्हणेन, जर्मन शिकलात तर त्याचा उपयोग चांगलं मराठी भाषांतर करून मराठीत प्रयोग करण्यात आहे.

सोनचाफा

पडद्यामागचा, तुमचा मुद्दा खरा आहे आणि ज्या प्रयोगांची नावं तुम्ही घेतलीत त्यांच्याबद्दल मला अतिशय आदर आहे. पण ते प्रयोग प्रेक्षकांसाठी होते, कसलेल्या नटांचे होते. विद्यार्थ्यांचा प्रयोग त्यांच्याशी तोलू नये. आमचं नाटक आधी आमच्यासाठी होतं आणि ब्रेख्तने या प्रकारची नाटकं नेमक्या याच हेतूने लिहिली.

प्रेक्षकांना मात्र वाऱ्यावर सोडलं नाही. प्रत्येक प्रवेशाआधी एक मुलगी पुढे येऊन मराठीत दोन-तीन वाक्यांत पुढे काय होणार ते सांगायची. 'आता व्यापारी वाटाड्याला काढून टाकतो, कारण त्याला दोघांची मैत्री नको आहे.' एवढंच. ब्रेख्त स्वतः प्रवेशांना अशी शीर्षकं द्यायचा, ज्यात घटना आधीच सांगितलेली असते, म्हणजे प्रेक्षक 'काय होणार' यात अडकत नाही, 'कसं होतं' ते बघतो. माझ्या आईला जर्मनचं अक्षरही येत नाही. बाटलीच्या प्रवेशात ती काय बोलली सांगू? 'अगं, तो पाणी द्यायला आलाय!' हे ती मोठ्याने म्हणाली. शेजारच्या दोन बायकांनीही माना डोलावल्या.

कोर्टाचा प्रवेश भाषेशिवाय पोहोचत नाही, हे मान्य. तिथे निवेदन जरा लांबवलं होतं. निकालाचं तर्कशास्त्र मराठीत आधी सांगून टाकलं आणि मग जर्मनमध्ये ते घडताना दाखवलं. माझ्या मते तोच प्रवेश सगळ्यात चांगला झाला.

थेम्सकाठी

इथे केंब्रिजमध्ये विद्यार्थ्यांची ग्रीक नाटकं होतात, प्राचीन ग्रीकमधूनच. परंपरा १८८२ पासूनची. पहिलं नाटक सोफोक्लीझचं 'एजॅक्स'. पुढच्या वर्षी अॅरिस्टोफनीझचं 'द बर्ड्स', त्याला ह्यूबर्ट पॅरीने संगीत दिलं होतं. १९०९ च्या 'द वॉस्प्स'ला व्हॉन विल्यम्सने संगीत दिलं आणि त्याचं आरंभीचं वाद्यसंगीत आजही मैफलींत वाजतं. म्हणजे नाटक विद्यार्थ्यांचं, पण त्यातून जन्मलेलं संगीत शंभर वर्षांनंतरही टिकून आहे. सुरुवातीला स्त्रियांच्या भूमिकाही मुलगेच करायचे. १८८५ च्या 'युमेनिडीझ'मध्ये अथेनाची भूमिका गर्टन कॉलेजच्या जॅनेट केसने केली, तो मोठाच अपवाद होता. तिच्याकडेच पुढे व्हर्जिनिया वुल्फ ग्रीक शिकली.

अलीकडे नाटक दर तीन वर्षांनी आर्ट्स थिएटरमध्ये होतं आणि वर इंग्रजी उपशीर्षकं दिसतात. मी २०१६ साली 'अँटिगनी' आणि 'लिसिस्ट्राटा' एकाच संध्याकाळी पाहिली. सोनचाफा, तुमच्या निवेदनाच्या पद्धतीबद्दल माझं मत वेगळं आहे. ग्रीक नाटकात समूहगीतांचा वाटा मोठा असतो आणि त्यातल्या प्रतिमा फार दाट असतात. दोन वाक्यांच्या सारांशात त्या मावत नाहीत. उपशीर्षकं नसती तर मला 'अँटिगनी'तलं माणसाच्या सामर्थ्याबद्दलचं गाणं नुसतं सूर म्हणून ऐकावं लागलं असतं. डोळे वर-खाली करावे लागतात हे खरं, पण दहा मिनिटांत सवय होते.

आणखी एक. माझी एक मैत्रीण तिथे समूहात होती. ती सांगायची की वृत्त आधी पायांनी शिकवलं. लघू-गुरू चालत चालत. आपल्याकडे शाळेत भुजंगप्रयात टाळ्यांवर शिकवायचे तसंच. शब्द नंतर आले. ग्रीक न येणारी मुलंही निवड चाचणीला येऊ शकायची, त्यामुळे अभिनय येणारे आणि भाषा येणारे असे दोन गट एकमेकांना शिकवत राहायचे. मला ही पद्धत फार आवडली.

जर्मनची बाई

मी गेली बरीच वर्षं पुण्यात जर्मन शिकवते. सोनचाफाने श्वासाबद्दल लिहिलंय ते अगदी अचूक. मी उच्चारांबद्दल लिहिते, कारण रंगमंचावर ते मोठे होऊन ऐकू येतात.

मराठी मुलांना एक गोष्ट आयती मिळालेली आहे. जर्मनमधला 'झेड' म्हणजे आपल्या 'चोर', 'चमचा' मधला च. हिंदी भाषक मुलांना तो कष्टाने आणावा लागतो, आपल्याला फक्त आठवण करून द्यावी लागते. 'इश' असा चुकीचा म्हटला जाणारा 'इख'मधला शेवटचा आवाज 'ह्या' कुजबुजत म्हटला की जवळपास जागेवर येतो. 'उ'वरच्या दोन टिंबांचा स्वर: जीभ 'ई' म्हणायला ठेवा आणि ओठ 'ऊ'चे करा. अडचण येते ती शब्दाच्या शेवटी. तिथला ग, ड, ब जर्मनमध्ये कठोर होतो, 'टाग' नव्हे, 'टाक'. आपण तिथे सवयीने मऊ राहतो. व म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला लागले पाहिजेत. आणि सगळ्यात कठीण आघात. मराठीत शब्दातला आघात अर्थ बदलत नाही, त्यामुळे आपलं जर्मन सपाट ऐकू येतं, सगळी अक्षरं सारख्या वजनाची. व्याकरण शंभर टक्के बरोबर असलं तरी श्रोता दमतो.

एक नियम मी कडकपणे पाळते: संवाद देवनागरीत लिहून पाठ करायचे नाहीत. देवनागरीत लिहिलं की जीभ मराठीच राहते आणि तालमीच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत ती सुटत नाही. (इथे मी लिहिलेत ते फक्त समजावण्यासाठी.) त्यापेक्षा मूळ संहितेवर आघाताच्या खुणा करा, श्वास कुठे घ्यायचा तिथे उभी रेघ मारा.

बाकी पडद्यामागचा यांना एवढंच सांगेन की अशा प्रयोगातली मुलं पुढे उत्तम भाषांतरकार होतात. वाक्य तोंडात घोळल्याशिवाय संवादाचं भाषांतर करू नये, असं माझं ठाम मत आहे.

मुसाशिनो

तोक्योहून लिहितोय. इथल्या परदेशी भाषांच्या विद्यापीठात, फुचूला, दर नोव्हेंबरात 'गाइगोसाइ' नावाचा उत्सव असतो. त्यात प्रत्येक भाषेचे विद्यार्थी आपण शिकतोय त्या भाषेतलं नाटक करतात. त्याला 'गोगेकी' म्हणतात, भाषानाट्य. २५ हून अधिक भाषा. हिंदी, उर्दू, बंगालीसुद्धा. करणारी मुलं मुख्यतः दुसऱ्या वर्षाची, म्हणजे दीड-पावणेदोन वर्षांपूर्वी ज्यांना देवनागरीचा अ माहीत नव्हता ती. बाजूला जपानी उपशीर्षकं.

मी हिंदी नाटक बघायला गेलो होतो. पहिल्या प्रवेशात एक मुलगी चुलीशी बसून सासूला उत्तर देते, आणि ते उत्तर देताना तिने पदर खांद्यावर असा काही ओढला की मी थक्क झालो. भाषा शिकताना तिने ती हालचालही शिकली होती, कुणीतरी लक्ष देऊन शिकवली होती. त्यापुढे 'ठ' आणि 'थ'चा घोटाळा मला अजिबात जाणवला नाही.

उपशीर्षकांबद्दल एक निरीक्षण. ती यंत्र चालवत नाही, एक विद्यार्थी कळ दाबून पुढे नेत असतो. नट एखादं वाक्य गाळतो, पुढचं आधी बोलतो, तेव्हा तो कळ दाबणारा सावरतो. म्हणजे त्याला सगळं नाटक कान देऊन ऐकावं लागतं. सोनचाफा म्हणतात ते ऐकण्याचं काम सगळ्यात जास्त तोच करतो. ज्याला रंगमंचाची भीती वाटते अशा मुलाला हे काम द्यावं.

ओसाकाच्या विद्यापीठातले प्राध्यापक तोमिओ मिझोकामी यांनी आपल्या विद्यार्थ्यांची हिंदी नाटकं भारतात नेऊन केली. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. जपानी मुलांचं हिंदी नाटक हिंदी लोकांसमोर! तुमच्या जर्मन नाटकाचा प्रयोग जर्मन प्रेक्षकांसमोर झाला का?

पडद्यामागचा

बाई आणि मुसाशिनो, दोघांचंही पटलं, विशेषतः भाषांतरकारांबद्दलचं. थोडी भर घालतो. जर्मनीतल्या वायमारचे दिग्दर्शक फ्रिट्झ बेनेविट्झ १९७० साली दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात ब्रेख्तचं 'तीन टके का स्वांग' बसवायला आले आणि पुढे वर्षानुवर्षं भारतातल्या वेगवेगळ्या भाषांत नाटकं बसवत राहिले. मराठीतही. उलट बाजूने विजया मेहतांनी जर्मनीत जाऊन जर्मन नटांना घेऊन संस्कृत नाटकं बसवली. परक्या भाषेत नाटकाचं काम होऊ शकतं याचा याहून मोठा दाखला नाही, हे मी आधीच्या प्रतिसादात लक्षात घ्यायला हवं होतं. तरी माझा आग्रह राहील की विद्यार्थ्यांनी जर्मन प्रयोगानंतर त्याच संहितेचा मराठी प्रयोगही करावा. दोन्ही.

करंडकवाला

मी पुरुषोत्तम करंडक गाजवलेल्या संघातून आलो आणि नंतर फ्रेंच विभागात फ्रेंच नाटककार मोलिएरचं विनोदी नाटक केलं. एकांकिकांच्या स्पर्धेत आपण ज्या वेगाने, ज्या तारस्वरात बोलतो ते तिथे साफ आडवं आलं. फ्रेंच वाक्याची लय वेगळी, आघात वाक्यखंडाच्या शेवटच्या अक्षरावर. मी भावना म्हणून मधलाच शब्द ठोकत होतो. दिग्दर्शन करणाऱ्या मॅडमनी मला काही दिवस सगळे संवाद अभिनय न करता, पुटपुटत म्हणायला लावले. मग लय बसली आणि गंमत म्हणजे विनोदही आपोआप बसला. मोलिएरचा विनोद उत्तर किती पटकन येतं यावर उभा आहे.

हातवाऱ्यांबद्दल कुणी लिहिलं नाही. आपण मराठीत बोलताना हात जसे हलवतो तसेच परक्या भाषेत हलवले तर हात आणि वाक्य यांचे ठोके जुळत नाहीत. बघणाऱ्याला काय चुकतंय ते सांगता येत नाही, पण खटकतं.

नवीन_भिडू

आम्ही पहिल्या वर्षाचे आहोत, पुढच्या वर्षी करायचं मनात आहे. हक्कांचं काय करावं लागतं? आणि आमचं जर्मन अजून कच्चं आहे, एवढं नाटक झेपेल का? कुठून सुरुवात करावी?

सोनचाफा

मुसाशिनो, जर्मन प्रेक्षक मोजके होते, पुण्यात राहणारे काही जण आले होते. त्यातल्या एका आजींनी मला सांगितलं की नदीच्या प्रवेशात त्यांना माझी भीती वाटली. मला तेवढं पुरे आहे. थेम्सकाठी, समूहगीतांबद्दल तुमचं पटतं. ग्रीक नाटकाला निवेदन पुरणार नाही. लघू-गुरू चालत शिकण्याची कल्पना आम्ही नक्की वापरणार, कारण आमच्या नाटकातही व्यापाऱ्याची गाणी आहेत. 'आजारी मरतो, बलवान लढतो' या आशयाचं जे गाणं आहे त्याच्या ओळी आखूड आणि ठोक्याच्या आहेत, ती चालतच पाठ व्हायला हवीत.

नवीन_भिडू, ब्रेख्तच्या नाटकांच्या प्रयोगाचे हक्क सुरकाम्प प्रकाशनाचा नाट्यविभाग बघतो. प्रवेश विनामूल्य असला तरी आधी लिहून विचारा आणि भरपूर वेळ हाताशी ठेवून विचारा. विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र सोबत जोडा. मराठी प्रयोग करायचा झाला तर भाषांतराची परवानगी वेगळी लागते, पडद्यामागचा यांचं ऐकणार असाल तर हेही आत्ताच विचारून टाका.

भाषेचं म्हणाल तर या नाटकाची वाक्यं लहान आणि स्पष्ट आहेत. हमालाची तर फारच साधी. पण कोर्टाचा प्रवेश पहिल्या वर्षाच्या मुलांना जड जाईल, त्यातली वाक्यं कायद्याच्या वळणाची आहेत. सगळं नाटक घेऊ नका. सुरुवातीचं समूहनिवेदन, ठाण्यावर वाटाड्याला काढण्याचा प्रवेश आणि नदीचा प्रवेश एवढं घ्या. पंधरा-वीस मिनिटांचं होईल. तिन्हीत भूमिका बदलून बघा, प्रत्येकाने तिघांचेही संवाद म्हटलेले असू देत, म्हणजे प्रयोगाच्या दिवशी कुणी आजारी पडलं तरी दुसरा उभा राहू शकतो. बाईंनी सांगितलेल्या खुणा पहिल्या वाचनापासूनच संहितेवर करा. आणि कळ दाबणारा किंवा निवेदन करणारा जो कुणी असेल त्याला पहिल्या तालमीपासून हजर ठेवा. माझी खुणा केलेली प्रत विभागाच्या वाचनालयात ठेवली आहे, तिथून घ्या.